उजव्या पानावर

आमच्या गटाच्या वहीत डावीकडे जमा,
उजवीकडे कर्ज.
दिवाळीपासून मात्र दर गुरुवारी
उजव्या पानावर मी वेगळेच आकडे लिहिते:
भागरताबाई मेश्राम, एकशे साठ, शंभर.
कवडू शेंडे, एकशे ऐंशी, आणि पुढे
लाल पेनानं मारलेली फुली.

लाखांदूरच्या नर्सिंग कॉलेजच्या नऊ पोरी
दहाच्या गाडीनं उतरतात,
शेणाचा पो चुकवत, पांढऱ्या बुटांनी.
कॉलेजनं पत्र दिलं, पंचायतीनं खुर्च्या,
आम्ही समाजमंदिर झाडून दिलं, आणि चहा.
चहा बिनसाखरेचा.
"शुगर मले हाय," कवडूजी म्हणाला,
"चहाले कायले शिक्षा?"

करिश्मा नैताम, कुरखेड्याकडची, दुसऱ्या वर्षाची,
पुस्तकातून वाचायची: रोज अर्धा तास चाला.
ओळीतल्या म्हाताऱ्या हसल्या,
आधी पदराआडून, मग पदर सोडून.
चाळीस वर्षं चिखलात वाकून
उलट्या पावलांनी रोवणा केलेल्या बाया त्या.
करिश्मानं पुस्तक मिटलं.
"मग गुडघ्याचंच सांगा," म्हणाली,
आणि सतरंजीवर येऊन बसली.

त्या दिवशी भागरताबाईनं पदराची गाठ सोडली.
आत बीपीच्या गोळ्या.
सगळ्या अर्ध्या, विळ्यावर कापलेल्या.
"अख्खी घेतली तं पंधरा दिवसांत सरते.
अर्धी महिनाभर पुरते. बचत हाय बाप्पा."

मी वहीकडे पाहिलं.
बचत आम्हीच शिकवली होती.

करिश्मा रागावली नाही.
आरोग्य केंद्रातून महिन्याच्या गोळ्या एकदम मिळतात का,
ते विचारायला चार चकरा मारल्या तिनं,
दोनदा मी सोबत होते, एकदा कुलूपच होतं.
मग प्रमिलानं ब्लाउजच्या चिंध्यांच्या थैल्या शिवल्या:
लाल, सातची गाडी जाते तेव्हाची,
निळी, शेळ्या घरी येतात तेव्हाची.
घड्याळ कुणाच्याच घरी धड नव्हतं.
शेळ्या मात्र चुकत नाहीत.

भागरताबाई दाई होती. अर्धं गाव तिच्या हातावर.
करिश्माला नाडी सापडेना तेव्हा
तिनंच तिची बोटं धरून मनगटावर ठेवली.
"दाबू नोको वं. थांब. येते."
पोरीनं डोळे मिटले.
समाजमंदिरात पंख्याचा आवाज तेवढा.
"आली," ती म्हणाली,
जसं कुणी घरी आल्यावर सांगतात.

कवडूजी दोन गुरुवार आला नाही.
आम्ही दोघी त्याच्या घरी गेलो.
पोरगा हैदराबादला, अंगणात एक खाट,
खाटेवर तो आणि सुकायला घातलेली सुकट.
त्यानं हात पुढे केला,
तोंड फिरवून म्हणाला, "आकडा सांगू नोको."
तिनं सांगितला नाही. तळहातावर लिहिला.
परत येताना तिच्या तळहातावरून
मी वहीत उतरवला,
घामानं अर्धा पुसलेला.

आता तिची परीक्षा झाली. नव्या पोरी येतात.
नव्या पोरींनी पुस्तक उघडलं: रोज अर्धा तास चाला.
बाया परत हसल्या.
"आधी बस, माय," भागरताबाई म्हणाली. "चालू मंग."

मागच्या गुरुवारी चुलबंदला पूर. गाडी बंद.
तरी बाया आल्या, ओल्या पायांनी,
आणि मशीन कपाटातच होतं.
मी सातवी शिकलेली.
पट्टा एकदा उलटा बांधला, सोडला, परत बांधला.
भागरताबाई: एकशे अडतीस, शहाऐंशी.
खरं वाटेना म्हणून परत घेतलं.
उजव्या पानावर लिहिलं.

खाली सही कुणाची करायची, कळेना.
पेन धरून बसले होते
तेव्हा दारात चपला झटकून कवडूजी म्हणाला,
"चहा ठेवला का वं?"